खोदायच्या आधी: जमिनीखालच्या लाइटच्या केबलपासून माणसं कशी वाचवायची

मे महिना लागला की आपल्याकडं सगळ्यांनाच खोदायचं असतं. ड्रेनेजवाल्याला पाऊस यायच्या आत पाईप टाकायचेत, इंटरनेटवाल्याला फायबर ओढायचीय, गॅसवाल्याचं काम अर्धं राहिलंय, आणि पावसाळ्यात महापालिका रस्ता खोदायला देत नाही म्हणून शेवटच्या पंधरा दिवसांत रात्रीचे सुद्धा जेसीबी चालतात. मी ज्या केबल फुटताना बघितल्यात त्यातल्या बहुतेक ह्याच घाईतल्या. मी पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनची कामं करतो, आधी सुपरवायझर होतो आता छोटी कंत्राटं स्वतः घेतो, आणि हे लिहायला बसलोय ते एका पोराच्या हातामुळं.

पुण्याच्या एका उपनगरात ड्रेनेजची लाइन टाकत होतो. ड्रॉइंगवर केबल फुटपाथच्या कडेला दाखवली होती म्हणून आम्ही बिनधास्त रस्त्याच्या मधून चर घेतला. ड्रॉइंग खोटं नव्हतं, पण ते निघाल्यानंतर मधल्या काळात रस्ता रुंद झाला होता, फुटपाथ मागं सरकला होता आणि केबल बिचारी होती तिथंच राहिली होती, म्हणजे आता ती बरोबर आमच्या चराच्या खाली. जेसीबीनं वरचा थर काढला, मग तळ साफ करायला पोरगं खाली उतरलं आणि मुरुमात टिकाव मारला. पांढरा उजेड आणि एकच आवाज. त्याला शॉक असा लागलाच नाही, तो भाजला. तोंड, मान आणि दोन्ही हात. आज तो बरा आहे, गावाकडं असतो, पण उजव्या हाताची मूठ अजून पूर्ण मिटत नाही. त्या दिवसापासून माझ्या साइटवर एकच नियम आहे: केबल डोळ्यांनी दिसेपर्यंत तिथं मशीन नाही, आणि दिसली की ती चालूच आहे असं धरायचं.

खाली जे लिहितोय ते सगळं ह्याच एका नियमाभोवती आहे.

आधी धोका नीट समजून घ्या, कारण लोकांना वाटतं केबल लागली म्हणजे शॉक लागणार आणि आपण गमबूट घातलाय मग काय होतंय. टिकाव किंवा बकेटचा दात केबलच्या आर्मरमधून, म्हणजे वरच्या लोखंडी कवचातून, आत गेला की आतली फेज, म्हणजे चालू तार, आणि बाहेरचं जमिनीला अर्थिंग केलेलं लोखंड जोडलं जातं, तिथं हजारो अँपिअरचा करंट त्या एका टोकातून जातो, अ‍ॅल्युमिनियम वितळून उडतं, आणि भडका सरळ खड्ड्यात वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. गमबूट ह्यात काही कामाचा नाही, आणि ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या, शॉकसाठी सुद्धा साधा गमबूट कामाचा नाही. आणि एलटी केबल म्हणजे ४१५ व्होल्टवाली, तिला कमी समजू नका, डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जवळ असली आणि फ्यूज उडायला वेळ लागला तर तीही माणूस भाजून काढते. म्हणून खड्ड्यात उतरणाऱ्याच्या अंगात नायलॉनचा टीशर्ट नको, तो वितळून कातडीला चिकटतो, जाड सुती फुल बाह्यांचा शर्ट हवा. एवढं तरी प्रत्येक कंत्राटदाराला परवडतं.

जमिनीखाली कुणाकुणाचं काय आहे

बहुतेक लोक महावितरणच्या शाखा कार्यालयात एक अर्ज देतात आणि झालं समजतात. पण जमिनीखालच्या सगळ्या केबल महावितरणच्या नसतात. स्ट्रीटलाइटची केबल महापालिकेच्या विद्युत विभागाची. सिग्नलची, सीसीटीव्हीची अजून कुणाची. सोसायटीच्या डीपीपासून मीटर रूमपर्यंतची केबल बऱ्याचदा सोसायटीची, तिचा नकाशा कुणाकडंच नसतो, वॉचमन किंवा सोसायटीच्या जुन्या वायरमनला विचारावं लागतं. मोठ्या कंपनीला वेगळं एचटी, म्हणजे जास्त व्होल्टेजचं, कनेक्शन असतं ती केबल आवारात शिरल्यावर कंपनीची. शहरात १३२ आणि २२० केव्हीच्या केबलही काही ठिकाणी जमिनीखालून गेल्यात, तिथं महापारेषणला विचारायचं. मुंबईत काम असेल तर शहर भागात बेस्ट, उपनगरात अदानी, शिवाय टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडला परत महावितरण, आणि भिवंडीत टोरंट. एकाच रस्त्याखाली दोघांच्या केबल असू शकतात, म्हणून "इथं कुणाची लाइट आहे" एवढंच विचारून भागत नाही, "इथून कुणाकुणाच्या केबल जातात" असं विचारायचं.

सरकारचं कॉल बिफोर यू डिग नावाचं मोबाइल अ‍ॅप आहे, २२ मार्च २०२३ ला सुरू झालं. त्यात खोदायची जागा टाकली की त्या भागात ज्यांच्या लाइन नोंदवलेल्या आहेत त्यांना कळतं आणि ते तुमच्याशी बोलू शकतात. जरूर टाका, फुकट आहे. पण अ‍ॅपवर कुणाचं उत्तर आलं नाही म्हणजे खाली काही नाही असा अर्थ काढू नका, ज्यानं आपली लाइन नोंदवलीच नाही तो उत्तर कुठून देणार. त्यामुळं अ‍ॅप पण आणि लेखी अर्ज पण. अर्जासोबत जागेचा साधा स्केच, किती लांब, किती खोल, कोणत्या तारखेला, आणि एक स्पष्ट मागणी: तुमचा माणूस जागेवर येऊन केबल कुठून जाते ते दाखवून द्यावा. हे शेवटचं वाक्य लिहिलं नाही तर कागदावर कागद येतो, माणूस येत नाही.

आणि माणूस आला की त्याला चहा पाजा, घाई करू नका. भागातला जुना जनमित्र किंवा वायरमन हा माझ्या मते कुठल्याही ड्रॉइंगपेक्षा भारी. "इथं पाच-सहा वर्षांपूर्वी जॉईंट मारला होता, त्या आंब्याच्या बुंध्याजवळ" असं तो सांगतो तेव्हा ते लिहून घ्या, फोटो काढा, तिथं रंगानं खूण करा. पण त्यानं बोट दाखवलं ती सुद्धा फक्त माहिती आहे, केबल अजून दिसलेली नाही हे विसरू नका.

जागेवर चालत फिरा

मशीन यायच्या आदल्या दिवशी पूर्ण लाइनवर एकदा पायी चाला, दोन्ही बाजूंना पन्नास पन्नास मीटर पुढं पण जा. खांबावरून जीआय पाईपमधून काळी केबल खाली जमिनीत उतरलेली दिसते का? ती कुठंतरी जातेय ना, मग ती कुठं बाहेर निघते ते शोधा, त्या दोघांच्या मधे ती आहे. फिडर पिलर, मिनी पिलर, आरएमयू, म्हणजे रस्त्याकडेच्या विजेच्या पेट्या, आणि डीपी, ह्या प्रत्येकातून चार-पाच केबल जमिनीत जातात आणि त्याच्या आजूबाजूची जागा म्हणजे केबलचं जाळंच असतं, तिथं मी जेसीबी जवळ सुद्धा आणत नाही. स्ट्रीटलाइटचे खांब आहेत पण वरून तारा नाहीत, म्हणजे केबल खालून एका खांबाकडून दुसऱ्याकडं जातेय. डांबरावर लांबच लांब पट्टा वेगळ्या रंगाचा दिसतो किंवा थोडा खचलाय, तिथं आधी कुणीतरी चर घेतलेला आहे. गवतात एचटी केबल असं लिहिलेला छोटा दगड दिसला तर तो रूट मार्कर, पण तो रस्ता करताना उपटून दुसरीकडं पण ठेवलेला असू शकतो.

टपरीवाल्याला विचारा. हसण्यावारी नेऊ नका, तो रोज तिथं बसतो आणि मागच्या तीन वर्षांत तिथं कोण काय खोदून गेलं ते त्याला पाठ असतं.

किती खोल असते

कागदावरचं उत्तर आयएस १२५५ ह्या भारतीय मानकात आहे: जमिनीच्या वरच्या पातळीपासून केबलच्या माथ्यापर्यंत कमीत कमी एलटीसाठी ७५ सेंमी, ३.३ ते ११ केव्हीसाठी ९० सेंमी, २२ आणि ३३ केव्हीसाठी १.०५ मीटर, आणि रस्ता ओलांडताना १ मीटर. केबलखाली-वर वाळू, त्यावर विटा किंवा फरशी. हे आकडे लक्षात ठेवा पण त्यांच्या भरवशावर खोदू नका. आपल्याकडं खाली काळा पाषाण लागला की टाकणारा कंटाळतो आणि केबल दीड फुटावर ठेवून वरून काँक्रीट ओततो. कोकणात जांभ्यात तेच. रस्ता नंतर खरवडून खाली घेतला तर केबल वर आली, रस्त्यावर थरावर थर चढवले तर केबल दीड-दोन मीटर खाली गेली. मी हाताच्या वितीएवढ्या खोलीवर चालू केबल बघितलीय, फुटपाथच्या ब्लॉकच्या लगेच खाली. त्यामुळं "आपण तर फक्त एक फूटच खोदतोय" हे वाक्य साइटवर कुणी बोललं की त्याला थांबवा.

हेच मंडपवाल्यांना पण लागू. गणपतीत, नवरात्रात, लग्नात पहारीनं दोन-दोन फुटांचे खड्डे मारतात, बांबू ठोकतात, आणि त्याला कुणी खोदकाम समजत नाही. पहार हे सगळ्यात वाईट हत्यार, टोक बारीक, वजन सगळं एका जागी, आणि धरलेला माणूस बरोबर वर उभा. कुंपणाचे खांब, अर्थिंगचा रॉड, बॅरिकेडचे गज, बोअरवेल सगळं ह्यातच आलं.

लोकेटर वापरा पण त्याला काय दिसत नाही ते माहीत असू द्या

केबल लोकेटर भाड्यानं मिळतो, चालवणाऱ्या माणसासकट घ्या. त्याच्यात साधारण तीन प्रकारे शोध घेता येतो. पॉवर मोडमध्ये तो केबलमधून वाहणाऱ्या ५० हर्ट्झच्या करंटचं चुंबकीय क्षेत्र पकडतो. रेडिओ मोडमध्ये लांब धातूवर आपोआप बसलेले रेडिओ सिग्नल पकडतो. आणि तिसऱ्यात वेगळा जनरेटर जोडून किंवा जमिनीवर ठेवून केबलमध्ये आपण स्वतः सिग्नल सोडतो आणि त्याचा माग काढतो, हा सगळ्यात खात्रीचा, पण चालू केबलच्या टोकाला तो जोडायचं काम ज्याची केबल त्याच्याच माणसानं करायचं.

आता मुख्य गोष्ट. पॉवर मोडला करंट लागतो. केबल चार्ज आहे, म्हणजे तिच्यात व्होल्टेज आहे, पण तिच्यावर लोड नाही, म्हणजे तिच्यातून करंट वाहत नाही, तर मशीन गप्प बसतं आणि केबल मात्र माणूस मारायला तयार. स्ट्रीटलाइटची केबल दिवसा टायमरनं बंद असते, तुम्ही सकाळी दहाला लोकेटर फिरवता, काही दिसत नाही, काम लांबतं आणि संध्याकाळी सातला ती चालू होते तेव्हा तुमची माणसं खड्ड्यातच असतात. थ्री फेज केबलमध्ये तिन्ही फेजवर सारखा लोड असला तर तिघांची क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि सिग्नल एकदम बारीक येतो. दोन केबल शेजारी असल्या तर एकच दाखवेल. म्हणून तिन्ही मोडमध्ये फिरवा, आधी लांबीत मग आडवं, जाळीसारखं, आणि काम पुढं सरकलं की दुसऱ्या दिवशी परत. खोलीचा आकडा स्क्रीनवर येतो तो अंदाज आहे, त्यावर बकेटची खोली ठरवू नका.

शेतात तर ही भानगड जास्त. डीपीपासून विहिरीवरच्या मोटरपर्यंत केबल शेतकऱ्यानं स्वतः बांधाच्या कडेनं फूटभर खाली पुरलेली असते, कधी पाईपात, कधी तशीच. शेतीच्या फिडरला, म्हणजे सबस्टेशनवरून शेतीसाठी निघणाऱ्या लाइनला, थ्री फेज ठराविक तासच असते, बऱ्याच ठिकाणी दिवसा-रात्रीचं टाइमटेबल बदलत राहतं. ठिबकच्या पाइपलाइनसाठी चर घेताना लाइट नाही म्हणून सगळे निवांत असतात आणि लाइट येते. शेजारच्या शेतकऱ्याची केबल तुमच्या रानातून गेलेली असते हे पण लक्षात ठेवा, दादा-काका करून आधी विचारून घ्या, आणि काम चालू असताना डीपीवरून त्या केबलची लाइन काढून घ्यायला वायरमनला सांगा, स्वतः डीपीवर चढू नका.

खुणा करताना नुसती फक्की मारू नका, वाऱ्यानं, टँकरच्या पाण्यानं ती दुपारपर्यंत जाते. रस्त्यावर स्प्रे पेंट, मातीत लाकडी खुंट्या, त्या पण लाइनच्या बाजूला, नेमक्या वर नाही. आणि प्रत्येक खुणेचा फोटो, मागं एखादं घर किंवा खांब दिसेल असा.

ट्रायल पिट, म्हणजे हातानं खड्डा घेऊन केबल बघणं

ह्या कामावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. जिथं जिथं तुमचा चर केबलला आडवा जातो तिथं एक, जिथं केबल तुमच्या चराच्या शेजारून जाते तिथं थोड्या थोड्या अंतरावर, आणि जिथं शंका आहे तिथं तर नक्कीच. खड्डा खुणेच्या बरोबर वर सुरू करायचा नाही. अर्धा-पाऊण मीटर बाजूला सुरू करायचा, खाली जायचं आणि मग आडवं केबलकडं सरकायचं, म्हणजे हत्यार वरून केबलवर आपटत नाही, बाजूनं माती सुटत येते. वरचं डांबर किंवा काँक्रीट फोडायला ब्रेकर लागतोच पण खुणेपासून अर्धा मीटर तरी लांब, आणि तो थर फुटला की ब्रेकर बाजूला. बऱ्याच ठिकाणी काँक्रीट केबलच्या अंगावरच असतं, ते दिसलं तर हात लावू नका, ज्याची केबल त्याला बोलवा.

हत्यार म्हणजे फावडं, गोल कडेचं, लाकडी किंवा इन्सुलेटेड दांड्याचं. टिकाव आणि पहार त्या खड्ड्यापासून लांब ठेवून द्या, खरंच लांब, गाडीत, कारण जवळ असली की मुरूम कडक लागल्यावर हात आपोआप तिकडं जातो, थकलेला माणूस चारच्या उन्हात नियम आठवत बसत नाही. मुरूम कडक असेल तर पाणी मारून मऊ करतात पण पाणी आणि उघडी पडलेली खराब केबल हे जीवघेणं आहे, म्हणून मी पाणी मारत नाही, वेळ जाऊ देतो. फावडं पायानं हळू दाबायचं, वरून फेकून मारायचं नाही. एक माणूस खाली, एक वर नुसता बघायला उभा, त्याच्या हातात दुसरं काम द्यायचं नाही.

माती बोलते. काळ्या मातीत अचानक नदीची वाळू लागली, तर थांबा. ओळीनं आडव्या ठेवलेल्या विटा, फरशीचे तुकडे, सिमेंटचा अर्धा पाईप, लाल-पिवळी प्लास्टिकची पट्टी, काही पण लागलं तरी थांबा. आणि ह्यातलं काहीच लागलं नाही तरी केबल असू शकते, कारण आधीच्या कुणीतरी खोदून विटा काढून घेतलेल्या असतात.

जुन्या भागात अजून कागद आणि शिशाच्या जुन्या केबल आहेत, वरून डांबरात बुडवलेला ताग गुंडाळलेला असतो, मातीत वर्षानुवर्षं राहून ती झाडाच्या मुळासारखी दिसते किंवा गंजलेल्या पाण्याच्या पाईपासारखी. माणसं मूळ समजून कुऱ्हाड घालतात. माझ्या साइटवर मूळ असो, पाईप असो, काय आहे ते कळल्याशिवाय तोडायचं नाही. आणि रंगावरून ठरवायचं नाही, काळा पाईप म्हणजे पाण्याचा, केशरी म्हणजे फायबरचा असं कुणी सांगितलं तरी नाही, केशरी पाइपातून लाइटची केबल गेलेली मी स्वतः बघितलीय. "ही जुनी आहे, डेड आहे" हे फक्त ज्याची केबल तो सांगू शकतो, तेही जागेवर तपासून. टेस्टर लावून तुम्हाला कळणार नाही, इन्सुलेशन आणि आर्मरच्या बाहेरून टेस्टरला काहीच दिसत नाही.

एक केबल सापडली म्हणजे आनंदानं खड्डा बुजवू नका. तुमचा चर जेवढा खोल जाणार त्याच्यापेक्षा थोडं जास्त खोल जाऊन बघा, एकीच्या खाली दुसरी असते, कधी कधी तिच्याही खाली गॅसची पिवळी लाइन.

मशीन कधी

केबल दोन ठिकाणी उघडी करून दिसली, त्या दोन्हीच्या मधे ती सरळ जातेय की वळतेय ते कळलं, तिच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर पट्टा रंगवला, मग त्या पट्ट्याच्या बाहेर जेसीबी. पट्ट्याच्या आत सगळं हातानं. जॉईंटच्या जवळ केबल टाकणारे मुद्दाम एक वळसा जास्त ठेवतात, पुढं दुरुस्तीला लागतो म्हणून, तिथं सरळ रेषेचा हिशोब फसतो. ऑपरेटरला दात असलेल्या बकेटऐवजी सपाट बकेट लावायला सांगा, पातळ थर काढायचे, आणि समोर एक माणूस उभा करा ज्याचा हात वर गेला की ऑपरेटर थांबलाच पाहिजे. ऑपरेटर बऱ्याचदा मशीनसोबत भाड्यानं येतो, सकाळी त्याला लाइनवर पायी फिरवून खुणा दाखवल्याशिवाय चावी लावू देऊ नका.

रोज सकाळी दहा मिनिटं सगळ्यांना गोळा करून सांगा, आणि त्यांच्या भाषेत सांगा. माझ्याकडं यादगीर-गुलबर्ग्याकडची माणसं असतात, झारखंडची असतात, मराठीत मी कितीही जोरात सांगितलं तरी माना डोलावतात आणि कळलेलं नसतं. त्यांच्यातल्याच एकाकडून बोलवून घ्या. बायामाणसं घमेलं उचलतात त्यांना पण सांगा, आणि लहान पोरं साइटवर असतील तर चरापासून लांब सावली करून द्या, उघड्या केबलच्या चरात खेळणारी पोरं मी बघितलीत.

एचडीडी मशीननं, म्हणजे वरून चर न घेता, जमिनीखालून आडवं बोअर मारायचं असेल तर वरून काहीच दिसत नाही, म्हणून प्रत्येक क्रॉसिंगवर आधी खड्डा घेऊन केबल उघडी करा आणि बोअरचं डोकं तिच्यापासून लांबून जातंय हे डोळ्यांनी बघा.

उघडी केबल आणि शटडाऊन

चर आडवा गेल्यावर केबल हवेत लोंबते. तिला तसं सोडू नका, वर लाकडी ओंडका टाकून रुंद पट्ट्यानं आधार द्या, वायरदोरी नको, ती रुतते. जॉईंट असेल तर तो जड असतो, त्याला हलवायचंच नाही, खालची माती तशीच ठेवा. केबलवर पाय देऊन उतरायचं नाही, तिच्यावर पाटी टेकवायची नाही. काम थांबलं की वर फळी टाका.

केबलला चिकटून काम करणं भागच असेल तर शटडाऊन घ्या. फोनवर "बंद केलीय, करा सुरू" एवढ्यावर कधीच उतरू नका. लेखी परमिट घ्या, त्यात फिडरचं नाव, कुठून कुठपर्यंत बंद, किती वाजता, दोन्ही टोकांना अर्थिंग केलंय का, म्हणजे तारा जमिनीला जोडल्यात का, आणि कुणाची सही. केबल बंद केल्यावर सुद्धा तिच्यात चार्ज साठलेला राहतो, म्हणून अर्थिंग. पुण्यात गुरुवार देखभालीचा दिवस म्हणून सगळ्यांना माहितीये, पण गुरुवारी तुमचाच फिडर बंद असेल असं नाही, आणि सकाळी बंद झालेला दुपारी चालू होतो. काम झालं की माणसं मोजून वर काढा, मग परमिट परत करा, त्या क्षणापासून ती केबल परत चालू.

लागलीच तर

केबलला धक्का लागला, भडका झाला, लाइट गेली, तर सगळ्यात आधी सगळे लांब, दहा मीटर तरी. लाइट गेली म्हणजे केबल मेली असं नाही. सबस्टेशनवर फिडर ट्रिप होतो आणि ऑपरेटरला तुमच्या खड्ड्यातलं काही माहीत नसतं, तो ट्रायल घेतो, म्हणजे परत चार्ज करून बघतो, आणि दुसरा भडका होतो. म्हणून लगेच १९१२ वर फोन करा, आणि शाखा अभियंत्याचा नंबर आधीपासून खिशात हवा, त्याला पहिलं वाक्य हेच सांगा की इथं केबलला मार लागलाय, फिडर चार्ज करू नका.

जेसीबीत ऑपरेटर असेल तर त्यानं आतच बसायचं, कुणी मशीनला हात लावायचा नाही. बकेट सहज सुटत असेल तर सोडवून मागं घ्यावं. मशीनच पेटलं आणि उतरावंच लागलं तर दोन्ही पाय जोडून लांब उडी, मशीन आणि जमीन एकाच वेळी अंगाला लागता कामा नये, आणि मग पाय जोडूनच छोट्या उड्या मारत लांब, कारण जमिनीवर दोन पावलांत सुद्धा व्होल्टेजचा फरक असतो. आगीवर पाणी नाही.

माणूस केबलला चिकटला असेल तर धावत जाऊन ओढू नका, एचटी असेल तर लाकडी काठीनं सुद्धा नाही, आधी लाइट बंद झाल्याची खात्री. तो बाजूला आला की श्वास बघा, श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा आणि दुसऱ्यानं १०८ लावायचा. भाजलेल्या जागेवर साधं वाहतं पाणी वीस मिनिटं, बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही, चिकटलेला कपडा ओढून काढायचा नाही. शॉक लागून माणूस उठून बसला, बोलायला लागला तरी दवाखान्यात न्याच, हृदयाचा त्रास नंतर पण होतो.

आणि एक कळकळीची विनंती. केबल फुटली नाही, नुसतं वरचं आवरण सोललं, तर काळी टेप गुंडाळून माती लोटू नका. दंडाची भीती असते मला माहितीये, वीज कायदा २००३ च्या कलम १३९ मध्ये निष्काळजीपणानं नुकसान केलं तर दंड आहेच. पण त्या खरचटल्यातून पावसाळ्यात पाणी आत जातं, आर्मर गंजतो, आणि काही महिन्यांनी तिथंच फॉल्ट होतो, तेव्हा वर कुणाचं तरी पोरगं शाळेला चाललेलं असतं किंवा दुसरा कुणी चर घेत असतो. शाखेत सांगा, त्यांचे लोक येऊन टेस्ट करतात, आवरण दुरुस्त करतात. मी दोनदा सांगितलंय, बोलणी खाल्ली, खर्च भरला, आणि शांत झोपलो.

बुजवताना केबलखाली आणि वर आधी बारीक वाळू किंवा चाळलेली माती, दगड-खडी थेट अंगावर नाही, मग विटा होत्या तशा परत, नसतील तर नवीन घाला, चार विटांचा प्रश्न असतो. त्यावर एक-दीड फूट माती आली की धोक्याची पट्टी अंथरा आणि मग वरचा भराव, केबलच्या डोक्यावर लगेच व्हायब्रेटर रोलर नको. मी शेवटी एक कागद करतो, एका पक्क्या घराच्या कोपऱ्यापासून केबल किती मीटरवर आणि वरून किती खोल, दोन फोटो, तारीख, आणि तो महावितरणच्या शाखेत, महापालिकेच्या पथ विभागात देतो आणि एक प्रत समोरच्या सोसायटीच्या ऑफिसात ठेवतो, पुढच्या मे महिन्यात तिथं खोदायला जो येईल त्याच्यासाठी.